हलालखोर कर, क्रॉफर्ड साहेब आणि रिकामं सभागृह

आमचे बाबा गेली काही वर्षं सोसायटीचे खजिनदार आहेत. म्हणजे खरा खजिनदार मीच, कारण एक्सेल शीट माझी. बाबा फक्त सही करतात आणि जिन्यात लोकांची बोलणी खातात. तर दरवर्षीप्रमाणे मालमत्ता कराचं बिल आलं आणि ते प्रत्येक फ्लॅटवर वाटायला आम्ही बसलो. सर्वसाधारण कर, मलनिस्सारण कर, मलनिस्सारण लाभ कर, वृक्ष उपकर, पथकर... वाचता वाचता बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "अरे, मलनिस्सारण कर आहे, वर परत मलनिस्सारण लाभ कर. हा लाभ नेमका कोणाला?"

उत्तर मला माहीत नव्हतं. पण शनिवार होता, बाहेर उकडत होतं आणि ऑफिसचं काम करायची अजिबात इच्छा नव्हती. म्हणून शोधायला बसलो आणि जाऊन पोचलो थेट १८६५ सालात. बाबांचा प्रश्न बाजूलाच राहिला. पण जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तेव्हाच्या मुंबईत घरपट्टी होती, पाणीपट्टी होती, पोलिसांसाठी आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वेगळे कर होते. आणि एक 'हलालखोर कर' होता. हलालखोर म्हणजे घराघरातला मैला उचलून नेणारे लोक. आपल्या मलनिस्सारण कराचा हा पणजोबा. कर त्यांच्या कामाच्या नावाने जमा व्हायचा, पण शहराचा कारभार कसा चालावा यावर पुढे जो काही गदारोळ झाला त्यात त्यांना कोणी काही विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे 'नागरिक' हा शब्द बऱ्याचदा येणार आहे आणि तो तेव्हा फार थोड्या लोकांचा होता.

तर १८६५. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असल्यामुळे तिथला कापूस बंद झाला होता, आणि मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर चालल्या होत्या. पैशाचा नुसता पूर. प्रेमचंद रायचंदचा जमाना. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या, बँका, सगळ्यांचे शेअर कागद छापायच्या आधीच वर जायचे. (क्रिप्टोवाल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.) युद्ध संपलं एप्रिलमध्ये आणि वायद्यांचे सौदे पुरे करायची तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबई कोसळली. मोठमोठे शेठ दिवाळखोर झाले, मागोमाग बँका गेल्या. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार होती, १८७२ ला ती ६ लाख ४४ हजार भरली. एवढे लोक शहर सोडून गेले.

आणि नेमकं त्याच १८६५ मध्ये सरकारने मुंबईला नवीन म्युनिसिपल कायदा दिला. आधी तीन कमिशनर मिळून कारभार बघायचे आणि तिघांचं जमायचं नाही. म्हणून आता एकच कमिशनर, सगळे अधिकार त्याच्या हातात, आणि नेमणूक सरकारकडून. त्याच्यावर लक्ष ठेवायला 'बेंच ऑफ जस्टिसेस', म्हणजे शहरातल्या सगळ्या जस्टिस ऑफ द पीसची सभा. बजेट त्यांच्यापुढे ठेवायचं. ऐकायला छान वाटतं. पण या जस्टिसना कोण नेमणार? सरकारच. म्हणजे खर्च करणारा सरकारने नेमलेला आणि त्याला जाब विचारणारेही सरकारने नेमलेले. कर भरणाऱ्याचा कुठेच संबंध नाही.

पहिला कमिशनर झाला आर्थर क्रॉफर्ड. होय, तोच, मार्केटवाला.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. वाचताना मला हा माणूस आवडायला लागला होता. तेव्हाची मुंबई म्हणजे उघडी गटारं, भर वस्तीत कत्तलखाने, कातडी कमावण्याचे धंदे. क्रॉफर्डने कत्तलखाने उचलून वांद्र्याला नेले. घाणीचे धंदे वस्तीतून हलवले. रस्ते रुंद केले. डॉ. हेवलेटसारखा हेल्थ ऑफिसर त्याच्या हाताखाली होता आणि दोघांनी मिळून शहराची साफसफाई अक्षरशः अंगावर घेतली. आणि मग ते मार्केट. विल्यम एमर्सनचा नकाशा, दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची (जंगल बुकवाल्या किपलिंगचे वडील). आजही कधी क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर फळवाल्यांशी घासाघीस करायच्या आधी एकदा मान वर करून बघा.

आपल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असा एक माणूस असतोच. भयंकर हुशार. रात्री दोन वाजता एकटा बसून सर्व्हर उभा करतो. डॉक्युमेंटेशन शून्य. कुणाला विचारत नाही, कारण विचारत बसला तर काम होणार नाही हे त्याला माहीत असतं. आणि सहा महिन्यांनी क्लाउडचं बिल येतं तेव्हा मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळतं.

क्रॉफर्डचं तेच झालं. मंजूर बजेटपेक्षा खर्च जास्त, सरकारकडून घेतलेलं कर्ज, आणि हिशेब असे की नक्की किती देणं आहे हे कोणालाच धड सांगता येईना. आणि हे कधी? तर शहर कंगाल झालेलं असताना. ज्याचं दुकान १८६५ च्या जुलैत बुडालं, त्याच्याच घरावर वाढीव पट्टी. लोक खवळणार नाहीत तर काय.

१८७० पासून कर भरणारे एकत्र यायला लागले. एरवी एकमेकांकडे ढुंकूनही न बघणारी माणसं इथे एका बाजूला आली, हे मला फार मजेशीर वाटतं. 'बॉम्बे गॅझेट'चा इंग्रज संपादक मॅक्लीन आहे, फोर्ब्ससारखे गोरे व्यापारी आहेत, कोकणातल्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक आहेत. आणि सगळ्यात चिवट म्हणजे नौरोजी फर्दुनजी. पन्नाशी ओलांडलेले पारशी गृहस्थ, पेशाने आधी मास्तर, दादाभाईंचे जुने सहकारी. हा माणूस हिशेब सोडायलाच तयार नाही. प्रत्येक आकड्याला प्रश्न, प्रत्येक खर्चाला 'कोणाच्या मंजुरीने?' सभेत अशी माणसं सगळ्यांना नकोशी असतात. आमच्या सोसायटीत पण एक काका आहेत, ते उभे राहिले की निम्मे लोक चहाला जातात. बाबा म्हणतात की त्या काकांमुळेच लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टमधले पैसे वाचले. असो.

३० जून १८७१ ला टाउन हॉलमध्ये (आत्ताची एशियाटिक लायब्ररी, त्या प्रसिद्ध पायऱ्या) बेंचची सभा भरली. फोर्ब्सने ठराव आणला. सार असं, की एका माणसाच्या हातात एवढी सत्ता ठेवून आपण चूक केली. ती काढून घ्या आणि जस्टिसमधूनच निवडलेल्या एका टाउन कौन्सिलच्या हातात द्या. सगळी हवा ठरावाच्या बाजूने. वर्तमानपत्रं बाजूने, कर भरणारे बाजूने. क्रॉफर्डच्या बाजूने बोलणं म्हणजे लोकांच्या शिव्या ओढवून घेणं.

आणि एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, तुमचं निदान चुकतंय.

पोरगा म्हणजे फिरोजशा मेहता. वय वर्षं पंचवीस. माझ्यापेक्षा लहान! तीन वर्षांपूर्वीच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: क्रॉफर्डने पैसे उधळले हे खरं. पण शहर बदललं तेही त्यानेच. एका जबाबदार माणसाच्या हातात अंमलबजावणी असणं हा दोष नाहीच. सत्ता कमिटीला दिलीत तर काहीतरी बिघडल्यावर दोष कोणाचा हेच कळणार नाही. खरा दोष हा, की त्या माणसाला जाब विचारणारे तुम्ही स्वतःच कोणाला जबाबदार नाही. तुम्हाला कोणी निवडलंय? तेव्हा कमिशनर राहू द्या, पण त्याच्यावरची सभा कर भरणाऱ्यांनी निवडलेली हवी, आणि हिशेब तपासणारा त्या सभेचा माणूस हवा, कमिशनरचा नको.

विचार करा, ज्या सभेत लोक क्रॉफर्डचं डोकं मागताहेत तिथे हा सांगतोय की खरी भानगड तुमच्यात आहे. पुढे नोव्हेंबरमध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने हेच सविस्तर निबंध वाचून मांडलं. श्रोते त्याच्यावर चांगलेच उखडले.

मी हे वाचलं आणि तासभर त्यातच अडकलो. कारण आमच्या धंद्यात ही चूक आम्ही दर तीन महिन्यांनी करतो. प्रॉडक्शनवर कोणीतरी घोळ घालतो, लगेच मेल येतो: सगळ्यांचा ॲक्सेस काढून घ्या, आता कमिटीची परवानगी लागेल. मग सहा महिने काही हलत नाही. बिघडलं की कमिटी म्हणते आम्ही फक्त सही केली. खरं तर हवं असतं ते एवढंच, की काम करणाऱ्याला काम करू द्या, पण त्याने काय केलं याची नोंद त्याला पुसता येणार नाही अशा जागी ठेवा, आणि ती नोंद वाचणारा माणूस त्याच्या हाताखालचा नसू द्या. हे मला समजायला पाच वर्षांची नोकरी आणि दोन मोठे घोळ लागले.

क्रॉफर्ड १८७१ मध्येच पायउतार झाला. आणि १८७२ च्या कायद्यात जे आलं ते बरंचसं त्या पोराच्या बाजूचं होतं. कमिशनर राहिला. पण त्याच्यावर ६४ जणांचं कॉर्पोरेशन आलं. त्यातले १६ सरकारने नेमलेले, १६ जस्टिसनी निवडलेले, आणि ३२, म्हणजे बरोबर निम्मे, कर भरणाऱ्यांनी निवडलेले. शिवाय खर्चावर नजर ठेवायला बारा जणांचं टाउन कौन्सिल. १८७३ मध्ये हे कॉर्पोरेशन कामाला लागलं. या देशात इंग्रजांच्या राज्यात लोकांनी मत देऊन माणसं पाठवायची ही अगदी सुरुवातीची गोष्ट. काँग्रेस स्थापन व्हायला अजून बारा वर्षं होती.

फार हुरळून जाऊ नका मात्र. मत द्यायला वर्षाला निदान पन्नास रुपये कर भरावा लागे. तेव्हाचे पन्नास रुपये! गिरणीतला कामगार, चाळीतला भाडेकरू, हलालखोर, सगळे बाहेर. साडेसहा लाखांच्या शहरात मतदार मूठभर.

(जाता जाता एक गंमत. क्रॉफर्ड मार्केटचं आजचं अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. पुण्याच्या रे मार्केटचं नावही महात्मा फुले मंडई. आणि खुद्द जोतीराव १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा त्यांनी काय केलं? तर मंडईवरच्या खर्चाला विरोध. तो पैसा शिक्षणावर घाला म्हणाले. १८८० ला लॉर्ड लिटन येणार म्हणून हजार रुपये उडवायचे ठरले, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचं. आणि ते सरकारनेच नेमलेले सभासद होते! म्हणजे नेमलेला माणूस जाब विचारूच शकत नाही असं नाही. पण बत्तीसात एक हे प्रमाण लक्षात घ्या.)

पुढचं भराभर सांगतो. १८८८ मध्ये नवा कायदा झाला, तो घडवण्यात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांचा मोठा वाटा. सभासद ७२ झाले. टाउन कौन्सिलचं नाव स्टँडिंग कमिटी झालं, तीच आपली स्थायी समिती. हा १८८८ चा कायदा शेकडो दुरुस्त्यांसकट आजही मुंबईला लागू आहे. मेहता चार वेळा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. सीएसएमटीसमोर महापालिकेच्या इमारतीपुढे जो पुतळा आहे तो त्यांचाच. मी त्या पुतळ्यासमोरून शेकडो वेळा गेलोय, बहुतेक वेळा पळत, कारण फास्ट लोकल पकडायची असते.

आणि क्रॉफर्ड? तो वर चढत पुण्याला मध्य भागाचा कमिशनर झाला. १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले, चौकशी बसली आणि शेवटी त्याला नोकरीतून काढलं. ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याचं कबूल केलं होतं त्यांची बाजू टिळकांनी उचलून धरली, ते प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असेल. हे वाचून माझं त्याच्यावरचं प्रेम थोडं उतरलं.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते.

मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, २२७ नगरसेवक निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आणि मग निवडणूकच झाली नाही. ओबीसी आरक्षण, प्रभागांची संख्या, सुप्रीम कोर्टात तारखा. साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेचे आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणार आयुक्त, स्थायी समिती म्हणून त्याला मंजुरी देणार तेच, आणि सभागृह म्हणून बजेट पास करणार तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड स्वतःच लिहायचं, रिव्ह्यू स्वतःच करायचा आणि प्रॉडक्शनला स्वतःच टाकायचं. हे काही एकट्या मुंबईत झालं नाही, पुणे, नागपूर, ठाणे, सगळीकडे तेच. पण मुंबईत ते मला जास्त बोचलं, कारण १८६५ च्या क्रॉफर्डलासुद्धा निदान नावापुरता एक बेंच होता!

त्या वर्षांत कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाहीये. रस्ते काँक्रीटचे होत होते, कोस्टल रोड सुरू झाला, कचरा उचलला जात होता. प्रश्न हाच आहे. शहर चालत होतं. म्हणून कोणाला घाई नव्हती. माझ्या ऑफिसमधल्या मित्रांना मी २०२४ मध्ये विचारलं होतं की आपल्या वॉर्डात सध्या नगरसेवक नाही हे माहीत आहे का. आठपैकी दोघांना माहीत होतं. एक म्हणाला, "बरंय ना मग, काम तरी होतंय." अगदी क्रॉफर्डच्या चाहत्यासारखा.

आणि इथे मला मेहतांशीच भांडावंसं वाटतं. त्यांनी कमिशनर वाचवला, अधिकार त्याच्याकडे एकवटलेले ठेवले आणि वर सभागृहाचा पहारा बसवला. डिझाइन उत्तम. पण सभागृहच नसेल तर काय, याचा विचार त्यात कुठे आहे? उलट सभागृह काढून घेतलं तरी यंत्र अडत नाही, आहे त्याच वेगाने पळत राहतं. फोर्ब्सच्या ठरावाप्रमाणे सत्ता कौन्सिलकडे गेली असती, तर कौन्सिलशिवाय शहर आठ दिवसांत ठप्प झालं असतं, आणि मग निवडणूक कोणी साडेतीन वर्षं लांबवली नसती. १८७१ मध्ये मी टाउन हॉलमध्ये असतो तर मेहतांच्या बाजूने हात वर केला असता. आज करीन का? दोन आठवडे झाले, माझं ठरत नाहीये. सत्ता कमिटीकडे असती तर क्रॉफर्डचं मार्केट आणि हेवलेटची साफसफाई दोन्ही फायलीत राहिलं असतं, हेही दिसतं.

नौरोजी फर्दुनजींच्या जातीची माणसं त्या काळातही होती म्हणा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणारे, टेंडरचे आकडे जुळवत बसणारे. पण अर्जाला उत्तर मिळतं ते काम होऊन गेल्यावर. सभागृहात उभं राहून 'हा खर्च कोणाच्या मंजुरीने?' विचारणं वेगळं, कारण तिथे उत्तर मिळेपर्यंत पैसे अडवता येतात. फर्दुनजी अर्जदार नव्हते, ते स्वतः बेंचवर बसलेले होते.

शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि १५ जानेवारी २०२६ ला मुंबईत मतदान झालं. २०१७ नंतर जवळजवळ नऊ वर्षांनी. महापालिकेला मत द्यायची माझी ही पहिलीच वेळ. २०१७ मध्ये मी इंजिनीअरिंगच्या सबमिशनमध्ये गळ्यापर्यंत बुडालेलो, गेलोच नव्हतो. (बाबा अजून ऐकवतात.)

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण मलनिस्सारण लाभ कराचं काय? लाभ कोणाला?"

म्हटलं, नगरसेवकाला विचारू.

"विचार की. त्याच्या ऑफिसचा पत्ता आहे तुझ्याकडे?"

नव्हता. सोमवारी काढला.